मुक्तीच्या सातबाऱ्यावरचा बोजा

लातूर आणि लात्व्हिया या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मराठवाडा आणि लात्व्हिया यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवले की जरा थबकायला होतं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचं क्षेत्रफळ ६४ ते ६५ हजार चौरस किलोमीटर. बाल्टिक समुद्राकाठच्या लात्व्हियाचंही जवळपास तेवढंच. लोकसंख्या मात्र आपली २०११ च्या जनगणनेत १ कोटी ८७ लाख आणि त्यांची आज १९ लाखांच्या आत. जमीन तेवढीच, माणसं दहापट. त्यांना देश आहे, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची आहे, ऑलिंपिकमध्ये पथक आहे. आपल्याला विभागीय आयुक्त आहेत.

ही तक्रार नाही. मराठवाड्याने वेगळा देश मागावा असं मला वाटत नाही. तो विनाअट महाराष्ट्रात आला याचं आमच्याकडच्या जुन्या माणसांना कौतुकही आहे आणि थोडी रुखरुखही. पण देश असण्याचा एक परिणाम असा, की जग तुम्हाला प्रश्न विचारतं. विभागाला कोणी काही विचारत नाही. विभागाचा इतिहास घरातल्या घरात राहतो, आणि घरातला इतिहास आपल्याला सोयीचा तेवढाच सांगितला जातो. या लेखाचा विषय त्या सोयीचा आहे. तिथवर जायला थोडा भूगोल लागेल.

लात्व्हिया सपाट आहे. त्यांचा सगळ्यात उंच डोंगर, गायझिंकाल्न्स, ३१२ मीटरचा. लातूरचं बसस्टँड समुद्रसपाटीपासून त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. पाऊस तिथे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, म्हणजे लातूरच्या सरासरीपेक्षा जास्त नाहीच. तरी निम्म्याहून अधिक देश जंगलाखाली आहे आणि तळी हजारोंनी. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यांचा पाऊस आणि बर्फ बारा महिने थोडाथोडा पडतो आणि थंडीमुळे जमिनीतच राहतो. आपला पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो, काळ्या मातीखालच्या खडकात फारसा मुरत नाही, आणि एप्रिल-मेचं ऊन उरलेलं पिऊन टाकतं. दोन प्रदेशांची सरासरी सारखी म्हणजे नशीब सारखं नव्हे. आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट अधूनमधून स्वतःला सांगावी लागते.

सपाट जमीन आणि समोर समुद्र, म्हणून जो बलवान झाला तो लात्व्हियातून गेला. १२०१ साली जर्मन बिशप आल्बर्टने दौगावा नदीच्या मुखाशी रीगा शहर वसवलं. मग पोलंड, स्वीडन आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून रशिया. जमीनदाराची भाषा जर्मन, पुढे सरकारी कामकाजाची रशियन, आणि लात्व्हियन ही शेतात राबणाऱ्या माणसांची बोली. आपल्याकडे देवगिरी पडली, बहमनी आले, निजामशाही आली, मोगल आले, १७२४ पासून आसफजाही. औसा, उदगीर, कंधार, नळदुर्ग, दर वीस-तीस कोसांवर किल्ला. घरात मराठी, कचेरीत आधी फारसी आणि नंतर उर्दू. १९१८ साली लात्व्हिया स्वतंत्र झाला आणि त्याच साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, उर्दू माध्यमाचं. इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण द्यायचं हे धाडस मोठं होतं, पण ती देशी भाषा नांदेड-परभणीच्या कुणब्याच्या पोराची नव्हती.

थोडं विषयांतर करतो, कारण हा तपशील मला फार आवडतो. लात्व्हियन लोकांच्या चार ओळींच्या लोकगीतांना 'दाइना' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसाने ती जमवायला घेतली. गावोगावहून चिठ्ठ्या यायच्या. त्याने छोट्याछोट्या खणांचं एक कपाट बनवून घेतलं आणि दोन लाखांहून अधिक दाइना त्यात विषयवार लावल्या. संगणकाच्या आधीचा डेटाबेसच तो. यातली बरीच गाणी बायकांची. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याचीच ही थोरली बहीण. राज्य नसलेल्या लोकांचा इतिहास असा खणाखणांत राहतो. पण ज्याचं कोणी गाणंच केलं नाही, त्याला त्या कपाटातही खण नसतो.

आता मुद्द्यावर येतो.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. शाळा लातूरला, इंजिनिअरिंग नांदेडला. आमच्या टीममधला एक जण रीगाचा आहे. एका सप्टेंबरात मी लातूरहून काम करत होतो आणि १७ तारखेला सुट्टी टाकली. त्याने विचारलं, कसली सुट्टी? मी म्हणालो, आमच्या भागाचा मुक्तिदिन. त्यावर त्याचा प्रश्न लगेच आला : "कोणाची मुक्ती, आणि कोणापासून?"

त्यात खोच नव्हती. त्याच्या देशात 'मुक्ती' हा शब्द ऐकला की हे दोन प्रश्न विचारण्याची सवयच लागलेली आहे. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि त्यांनी कामगारांची मुक्ती जाहीर केली. १४ जून १९४१ च्या रात्री पंधरा हजारांहून अधिक माणसं, त्यांत लेकरं आणि म्हातारी, मालगाड्यांत भरून सैबेरियाच्या बाजूला पाठवली. जुलै उजाडायच्या आत जर्मन आले. तेही बोल्शेविकांपासून मुक्ती द्यायला. त्यांच्या काळात लात्व्हियातले सुमारे सत्तर हजार ज्यू मारले गेले. रीगाजवळच्या रुम्बुला जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या अवघ्या दोन दिवसांत पंचवीस हजार. हुकूम जर्मनांचे, पण ज्यूंना घराबाहेर काढण्यात, पहाऱ्याला, आणि देशभर कित्येक ठिकाणी गोळी घालण्यातही लात्व्हियन हात होते. आराइस नावाच्या माणसाची एक अख्खी तुकडी होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा परत रीगात शिरल्या. तिसरी मुक्ती. तिचं स्मारक म्हणून १९८५ साली शहरात ७९ मीटरचा स्तंभ उभारला. मार्च १९४९ मध्ये पुन्हा चाळीस हजारांवर लोक हद्दपार झाले. खरं स्वातंत्र्य १९९१ मध्ये. आणि तो स्तंभ युक्रेनच्या युद्धानंतर, ऑगस्ट २०२२ मध्ये, लात्व्हियानेच पाडला.

तेव्हा 'कोणाची, कोणापासून' हा प्रश्न त्याच्या तोंडी बसलेला असणं साहजिक आहे. मी त्याला आपली गोष्ट सांगितली. ती सांगताना माझी मान ताठ होती, आणि आजही असते.

निजामाचं हैदराबाद संस्थान तिन्ही बाल्टिक देश एकत्र केले तरी त्याहून मोठं. लोकसंख्या दीड कोटीच्या वर, त्यात मुसलमान साधारण आठात एक, सत्ता मात्र एका घराण्याची. सभा घ्यायला परवानगी, वाचनालय काढायला परवानगी. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आमच्या गावांत तिरंगा लावणं हा गुन्हा होता. त्यानंतरचे तेरा महिने रझाकारांचे. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. ज्या गावात मी लहानाचा मोठा झालो त्याच गावातून हे सुरू झालं, हे आम्ही शाळेत एखाद्या अप्रिय नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायचो. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे त्याआधीच, १९४६ मध्ये, मारले गेले होते. १९४८ च्या मे महिन्यात उदगीरपासून फार लांब नसलेल्या गोरटा गावात मोठी कत्तल झाली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. सरहद्दीवर कॅम्प, शाळा सोडून आलेली पोरं, कोणी बंदुका आणतंय, कोणी पत्रकं छापतंय. आणि २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रझाकारांनी रस्त्यात मारलं, कारण तो 'इमरोज'मधून भारतात विलीन व्हा असं लिहीत होता. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज नळदुर्गला आली. पाच दिवसांत काम आटोपलं.

ही मुक्ती होती. त्यात मला तसूभर शंका नाही. निवडून न आलेल्या राजाच्या हाती दीड कोटी माणसं ठेवून त्याच्या खासगी सेनेला मोकळं सोडणं याला दुसरं नाव नाही, आणि त्यातून सुटण्यालाही नाही.

त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नंतर?"

नंतरचं शाळेच्या पुस्तकात नाही. ते पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या अहवालात आहे. ही माणसं सरकारच्या विनंतीवरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. त्यांचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतरच्या आठवड्यांत २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक सगळी मुसलमान. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १९८२ चा. अहवालात लातूर शहराचा वेगळा उल्लेख आहे : मारामारी वीसहून अधिक दिवस चालली, हजारावर माणसं गेली, आणि दहाएक हजार मुसलमानांपैकी पथकाला तीनेक हजारच गावात सापडले. लूट, बायकांवरचे अत्याचार, विहिरी. काही घटनांत सैन्यातल्या आणि स्थानिक पोलिसांतल्या माणसांवरही ठपका आहे. सरकारने हा अहवाल कधी अधिकृतपणे छापला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो परिशिष्ट म्हणून आला, तेव्हापासून ज्याला वाचायचाय त्याला वाचता येतो.

वीस दिवस. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. लातूरच्या माणसाला गावातली कोणतीही जागा सांगायची तर गोलाईपासून सांगावी लागते. त्या रस्त्यांवर वीस दिवस हे चाललं असेल तर ते कोणी बाहेरून येऊन एका रात्रीत केलेलं नव्हे. बाहेरचे होते, अहवालही म्हणतो. पण बाहेरच्याला दुकान कोणाचं आणि घर कोणाचं हे दाखवावं लागतं.

यावर पहिलं उत्तर काय येतं ते मला पाठ आहे : सुरुवात त्यांनी केली. क्रम म्हणून हे बरोबर आहे. रझाकारांनी आधी केलं, आणि ते भयानक होतं. अहवालही ते मान्य करूनच पुढे जातो. पण 'त्यांनी' या शब्दात कोण कोण बसतं? कासिम रझवीला अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ ला सुटून तो पाकिस्तानात गेला आणि अंथरुणात मेला. सगळ्यात मोठ्या दोषी माणसाला कायदा मिळाला. गोलाईतल्या कापडवाल्याला आणि खेड्यातल्या अत्तराला तो मिळाला नाही. सूड म्हणावा तर तोही नेमक्या माणसापर्यंत पोचला नाही.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे, आणि माझ्या वयाची मुलं ते मनापासून देतात : आमचा याच्याशी काय संबंध? माझा जन्म नव्वदच्या दशकातला. माझे आजोबा तेव्हा औसा तालुक्यातल्या एका गावात दहा वर्षांचे होते. ज्या गोष्टीत माझा हात नाही तिचा जाब मी का द्यावा?

जाब देऊच नये, असं माझं मत आहे. गुन्हा करणाऱ्याचा असतो, तो रक्तातून उतरत नाही. १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गला कार्ल यास्पर्सने जर्मन विद्यार्थ्यांसमोर नेमका हाच प्रश्न सोडवायला घेतला होता, आणि त्याने गुन्हेगाराचा दोष वेगळा आणि नागरिक म्हणून येणारं उत्तरदायित्व वेगळं अशी फोड केली. आपल्याला ती फोड समजायला हायडेलबर्गला जायची गरज नाही. तलाठ्याकडे गेलं तरी पुरे. वडील वारले की जमीन मुलाच्या नावावर होते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो, त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असला तर तो जमिनीबरोबर येतो. मुलाने ते कर्ज काढलेलं नसतं. तो चोर नसतो, लबाड नसतो. पण जमीन माझी आणि बोजा बापाचा, असं म्हणायला गेला तर तलाठी हसेल.

१७ सप्टेंबर मी वारसाने घेतलेला आहे. त्या लढ्यात माझा हात नव्हता. मी एक पत्रक वाटलेलं नाही. तरी झेंडावंदनाला उभा राहिलो की छाती भरून येते. 'आपण' निजामाला नमवलं, असं वाक्य माझ्या तोंडून सहज निघतं. त्या वाक्यातल्या 'आपण'मध्ये मी बसतो, तर ऑक्टोबर १९४८ च्या लातुरातल्या 'आपण'मधून उठून कसा जाऊ? रामानंद तीर्थ आमचे, आणि कुलपं फोडणारे मात्र 'काही समाजकंटक', हा हिशेब जुळत नाही. दोन्ही घ्यायला तरी पाहिजे, नाहीतर दोन्ही सोडायला. दोन्ही सोडायला मी तयार नाही.

आता उलट बाजू पाहा. आमच्या वर्गात एक मुसलमान मुलगा होता, आजही माझा मित्र आहे. क्रिकेटमध्ये भांडण झालं की कोणीतरी त्याला 'रझाकार' म्हणायचं. म्हणणाऱ्यालाही अर्थ धड माहीत नसायचा. त्याच्या आजोबांचं किराणा दुकान होतं, ते ॲक्शनमध्ये गेलं. म्हणजे पहा, दोन पोरं एकाच बाकावर बसलेली, दोघांचाही १९४८ शी सारखाच संबंध, म्हणजे शून्य. एकाला जन्माने अभिमान मिळाला आणि एकाला जन्माने शिवी. एकाच्या सातबाऱ्यावर नुसती जमीन, दुसऱ्याच्या नावावर नुसता बोजा, तोही दुसऱ्याने काढलेल्या कर्जाचा. शोएबुल्ला खानही मुसलमानच होता, हे त्या मैदानात कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या मुलालाही छाती काढून उभं राहायला एक नाव मिळालं असतं.

लात्व्हियाने ही चूक कायद्यात घातली. १९९१ नंतर त्यांनी नागरिकत्व दिलं ते १९४० च्या आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. सोव्हिएत काळात आलेल्या रशियन वगैरे लोकांना आणि त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांना 'अ-नागरिक' असा वेगळा दर्जा, वेगळा पासपोर्ट. सात लाखांच्या आसपास माणसं. परीक्षा देऊन नागरिक होता येत होतं, पण ज्या पोराने रीगाशिवाय दुसरं गाव पाहिलेलं नाही त्याला आजोबांच्या बदलीचा हिशेब द्यावा लागला. अ-नागरिकांच्या नवजात मुलांना आपोआप नागरिकत्व मिळायला २०२० उजाडलं. त्यांची भीती मला कळते. १९८९ च्या गणनेत स्वतःच्या देशात लात्व्हियन माणसं जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त उरली होती. भीती खरी होती म्हणून उपाय न्याय्य ठरतो असं मात्र नाही. बोजा जमिनीवर असतो. तो माणसाच्या कपाळावर लिहिला की त्याची शिवी होते.

तरी एका बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. त्यांच्या कॅलेंडरमध्ये एकच दिवस नाही. १४ जून आणि २५ मार्च हे हद्दपारीचे. आणि ४ जुलै, १९४१ मध्ये रीगाचं मोठं सिनेगॉग जाळलं तो दिवस, ज्यू बळींच्या स्मरणाचा, सरकारी. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इतिहासकारांचा आयोग नेमला, दोन्ही राजवटींचा काळ तपासायला. रुम्बुलाचं स्मारक २००२ मध्ये झालं. हे त्यांनी अगदी मनातून केलं असं समजू नका. युरोपात जायचं होतं, अमेरिका आणि इस्रायल विचारत होते. १६ मार्चला जर्मन गणवेशात लढलेल्या लात्व्हियन सैनिकांची आठवण काढणारे लोक आजही फुलं घेऊन निघतात आणि दरवर्षी त्यावरून वाद होतो. पण विचारणारं कोणी होतं म्हणून नोंद झाली, आणि नोंद झाली म्हणून आज तिथल्या मुलाला दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात सापडतात. रीगाच्या गोदीत काम करणाऱ्या झानिस लिप्के याचंही स्मारक आहे. त्याने चाळीसहून अधिक ज्यू लपवून वाचवले, काही जणांना सरपणाच्या खोपटाखाली खणलेल्या खड्ड्यात.

आपल्या अहवालातही असे लोक आहेत. मुसलमान विणकरांना हिंदू विणकरांनी वाचवलं, प्रसंगी जीव देऊन, असं त्यात लिहिलंय. मागाला माग ओळखतो, म्हणून. त्यांची नावं कुठल्याही चौकाला नाहीत. बोज्याचा कागदच दडवला, त्याबरोबर हेही दडलं. मराठवाड्याला ज्यांचा निखळ अभिमान वाटावा अशी ही माणसं, आणि आपण त्यांना विसरलो, कारण ती आठवायची तर ती कोणापासून वाचवत होती हे सांगावं लागतं.

किल्लारीचा भूकंप आपण विसरलो नाही. ३० सप्टेंबर १९९३, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, दरवर्षी श्रद्धांजली होते. भूकंपाला आरोपी नसतो, म्हणून ते सोपं जातं. दोन तारखांमध्ये तेरा दिवसांचं अंतर आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त अडवतं. माझ्या आजोबांनी ते दिलं होतं. गप्प राहिलो म्हणून एकत्र राहता आलं, असं ते म्हणायचे. १९४९ मध्ये पेरणी करायची होती. बैल त्याच गावातल्या माणसाकडून घ्यायचा होता, नालबंद तोच, शिंपी तोच. रोज उजाडल्यावर कोणी काय केलं ते बोलत बसलं असतं तर गाव उठलं असतं. यात तथ्य आहे. ज्यांना रीगासारखं संग्रहालय परवडत नाही त्यांना विसरणं हाच एक तह असतो. गावांनी तो पाळला, आणि आमच्या भागात दर्ग्याच्या उरुसाला आणि गणपतीच्या मिरवणुकीला पिढ्यानपिढ्या दोन्हीकडची माणसं गेली ती त्याच जोरावर.

पण तह दोन बाजूंनी पाळायचा असतो. एक बाजू दरवर्षी १७ सप्टेंबरला माइक लावून बोलते. रझाकारांवर भाषणं होतात, सिनेमे निघतात. ते बोलू नये असं मी म्हणणार नाही. मग मौन कोणाच्या वाट्याला आलं? माझ्या मित्राची आजी आयुष्यभर 'मुक्ती' हा शब्द वापरत नसे. "ॲक्शनच्या साली", "ॲक्शनच्या आधी", एवढंच. त्या एका इंग्रजी शब्दात तिने तिचं घर, दुकान आणि एक भाऊ बसवला होता. ती स्वतः गप्प राहिली हा तिचा हक्क होता. तिच्या गप्प राहण्यावर आपण आपलं भाषण उभं करावं, हे आजोबांच्या तहात नव्हतं.

गंमत अशी की ती तारीख कोणालाच नीट पेलत नाही. महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकाने २०१९ मध्ये भागाचंच नाव बदललं, म्हणून तिथे कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात केंद्र सरकार २०२२ पासून मुक्तिदिन करतं. राज्य सरकारने त्याच वर्षी त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटलं, आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये प्रजापालन दिन. एका संस्थानाचे तीन तुकडे आणि एका दिवसाची चार-पाच नावं. प्रत्येक नाव काहीतरी झाकायला किंवा काहीतरी उगाळायला ठेवलेलं. मला विचाराल तर आपलं नाव त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. संग्राम झाला होता, मुक्ती झाली होती. नाव बदलायची गरज नाही. भाषणात पाच मिनिटं वाढवायची गरज आहे : आधी रझाकारांनी मारलेल्यांची नावं, मग ॲक्शननंतर मेलेल्यांची, मग विणकरांची. याच क्रमाने. वजाबाकी न करता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीसाठी मात्र आपल्याकडे नावंच नाहीत. १४ जून १९४१ ला हद्दपार केलेल्या पंधरा हजारांवर माणसांची यादी लात्व्हियाच्या सरकारी अभिलेखागाराने २००१ मध्ये छापली, नाव, जन्मसाल, कुठून उचललं, पुढे काय झालं. आपला आकडा '२७ ते ४० हजार' असा आहे. दोन टोकांमधलं अंतरच तेरा हजार.

ती आजी गेली. मित्राच्या वडिलांची एक आतेबहीण उदगीरला असते, तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. बोलायची इच्छा असेल तर ऐकायला येतो, असं मी निरोप धाडलाय. तिने अजून काही कळवलेलं नाही.